यूडीआयडीच्या तपासणीत टक्केवारी घटली, तर दिव्यांगाचे अनुदान बंद होईल का?

आपल्या भावाच्या पोलिओग्रस्त पायाचे ४५ टक्क्यांचे जुने कायमस्वरूपी प्रमाणपत्र आहे, आता यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांच्या देशभर चालणाऱ्या ओळखपत्रासाठी) सिव्हिलमध्ये पुन्हा तपासणीला बोलावले आहे, आणि त्यात संजय गांधी निराधार योजनेचे पैसे जातील अशी धास्ती आपण मांडली आहे. गावातील लोकांचे असे अर्ज मी भरून देत असतो; ही धास्ती अनाठायी नाही.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते, २०१६ च्या कायद्याने ते २१ झाले, आणि मोजमापाची मार्गदर्शक तत्त्वे २०१८ मध्ये व पुन्हा मार्च २०२४ मध्ये बदलली. त्यामुळे पाय तोच असूनही टक्केवारी वेगळी येऊ शकते. ती ४० च्या खाली गेली की ऑक्टोबर २०२५ पासून दरमहा २,५०० रुपये झालेल्या अनुदानाची पात्रताच उरत नाही. एखाद-दुसऱ्या टक्क्यावर घरचा किराणा अडावा, हे मला अन्यायाचे वाटते.

मात्र जुन्या कायद्याखालचे प्रमाणपत्र त्यावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत वैध राहील, असे २०१७ च्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे. म्हणून मूळ प्रत कोणाच्याही हवाली करू नये. झेरॉक्स द्यावी आणि पोच घ्यावी.

आपण भावाला ऐकूही कमी येते असे ओघात लिहिले आहे, ते फार महत्त्वाचे आहे. तपासणी करणाऱ्या वैद्यकीय बोर्डापुढे फक्त पाय दाखवला आणि समजा ३० टक्के आले, तर विषय तिथेच संपतो. परंतु कानाचे २० टक्के निघाले, तर दोन्हींचा एकत्रित हिशेब होतो: ९० मधून ३० वजा करून उरलेल्या ६० ला २० ने गुणतात, ९० ने भागतात आणि आलेले सुमारे १३ मूळ ३० मध्ये मिळवतात. बेरीज ५० होत नाही, पण ४३ होते, म्हणजे ४० ची अट पूर्ण होते. त्यामुळे अर्जातच दोन्ही अपंगत्वे नोंदवावीत आणि ऑडिओमेट्रीचा (श्रवण तपासणीचा) अहवाल व जुने केसपेपर सोबत न्यावेत.

एवढे करूनही टक्केवारी कमी लागली किंवा प्रमाणपत्र नाकारले, तर कारणे लेखी मागावीत. २०१६ च्या कायद्याच्या कलम ५९ नुसार अपील करता येते, आणि तोंडी नकाराच्या आधारे ते लढवणे फार अवघड जाते.