भावाच्या बॅगेत अल्प्राझोलमच्या पट्ट्या आणि कफ सिरपची बाटली सापडली, तो म्हणतो ‘औषधच आहे’. याची खरंच नशा होते का? पोलीस पकडू शकतात का?

ताई, तुम्ही लिहिलंय की भाऊ १९ वर्षांचा आहे, हॉस्टेलवरून सुट्टीला घरी आलाय, बॅगेत अल्प्राझोलमच्या दोन पट्ट्या आणि कोडीनवाल्या सिरपची रिकामी बाटली निघाली, आणि विचारलं तर म्हणतो मेडिकलमध्ये मिळतं, मी काय गांजा ओढतोय का. आणि तुम्ही त्या पट्ट्या संडासात टाकून द्यायच्या विचारात आहात.

ते आत्ता करू नका, बाकीचं नंतर वाचा. मी फार्मासिस्ट आहे, संभाजीनगरला माझं मेडिकल आहे, आणि घरच्यांचं पहिलं काम हेच असतं, गोळ्या फेकायच्या, पोराला खोलीत बसवायचं आणि चार दिवसांत सुटेल म्हणायचं. अल्प्राझोलम म्हणजे घबराटीवरची गोळी, तिच्या बाबतीत हे जिवावर बेतू शकतं. कोणी ही गोळी रोज, जास्त डोसमध्ये, काही आठवडे घेत असेल आणि ती एकदम तोडली तर एक-दोन दिवसांत हात थरथरायला लागतात, घाम फुटतो, झोप उडते, जीव घाबरा होतो, आणि काहींना सरळ फिट येते. फिट येऊन माणसं दगावलीत. गांजा एकदम सोडला तर चिडचिड होते, झोप लागत नाही, जेवण जात नाही, हाल होतात पण जीव जात नाही. म्हणजे भाऊ ज्याला गांज्यापेक्षा साधं समजतोय ते सोडताना गांज्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे. डॉक्टर ही गोळी हळूहळू, कधीकधी कित्येक आठवडे लावून कमी करतात. त्यामुळे पट्ट्या स्वतःच्या ताब्यात ठेवा, त्याला न ओरडता विचारा की दिवसाला किती आणि कधीपासून, आणि उद्याच्या उद्या मानसोपचार डॉक्टरला दाखवा, मधल्या वेळात किती द्यायची की नाही द्यायची हे डॉक्टरला फोन करून विचारा, स्वतःच्या मनाने काही ठरवू नका.

आता नशा होते का, तर हो, होते. अल्प्राझोलम हे घबराटीच्या आजाराचं चांगलं औषध आहे, योग्य पेशंटला थोडे दिवस दिलं तर खूप उपयोग होतो, त्याला बदनाम करायचं नाहीये मला. पण नशेसाठी पोरं एका वेळी पाच-सहा गोळ्या टाकतात. मालेगाव, नाशिक, आमचा मराठवाडा, इकडे तिला कुत्ता गोळी म्हणतात, आणि नायट्राझेपाम म्हणून तिच्याच जातीतली झोपेची गोळी आहे ती बटन नावाने चालते. या गोळ्या मेंदूला शांत करणारं जे गाबा नावाचं रसायन असतं त्याचा जोर वाढवतात, त्यामुळे भीती जाते, लाज जाते, आणि मुख्य म्हणजे त्या तासांतलं लक्षातच राहत नाही. माणूस चालतो, बोलतो, गाडी चालवतो, मारामारी करतो आणि सकाळी त्याला खरंच काही आठवत नाही, तो खोटं बोलत नसतो. नायट्राझेपामचा अंमल तर दुसऱ्या दिवशीपर्यंत राहतो, पोरगं सकाळी उठून मी ठीक आहे म्हणून बाईक काढतं आणि त्याचा मेंदू अजून अर्धा झोपेत असतो.

सिरपचं वेगळं आहे. कोडीन हे अफूच्या घराण्यातलं, लिव्हरमध्ये गेल्यावर त्यातल्या काही भागाचं मॉर्फिन होतं. नेहमीच्या सिरपमध्ये ५ मिलीत १० मिलिग्रॅम कोडीन असतं, म्हणजे १०० मिलीची अख्खी बाटली मारली तर २०० मिलिग्रॅम, शिवाय त्यात झोप आणणारं अ‍ॅलर्जीचं औषध मिसळलेलं असतं ते वेगळंच. आणि काही लोकांच्या शरीरात कोडीनचं मॉर्फिन जन्मतःच फार झपाट्याने होतं, कोणाच्या होतं ते आधी सहसा कोणाला माहीत नसतं, म्हणून मित्राला काही झालं नाही म्हणजे मलाही होणार नाही हा हिशोबच चुकीचा आहे.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटतेय ती बॅगेत दोन्ही एकत्र सापडल्याची. गोळी एकटी असली तर बहुतेक वेळा माणूस खूप झोपतो, पण गोळी अधिक सिरप, किंवा गोळी अधिक दारू, यात दोन्ही मिळून श्वास मंद करतात आणि झोपेतच श्वास थांबतो. बाजूच्या पोरांना वाटतं मस्त घोरतोय, झोपू दे. हाक मारून, गालावर थापटून उठत नसेल, घोरण्याचा आवाज घरघर आल्यासारखा असेल, ओठ निळसर दिसत असतील, श्वास अगदी सावकाश चालू असेल, तर १०८ लावा, त्याला कुशीवर वळवा, तोंडात पाणी-लिंबू काही घालू नका, आणि काय घेतलंय ते डॉक्टरला खरं सांगा, कारण कोडीनवर उतारा म्हणून नालोक्सोन देता येतं, पण कशावर द्यायचं ते कळलं तरच ना.

कायद्याचं. मेडिकलमध्ये मिळतं हे अर्धंच खरं आहे. अल्प्राझोलम, नायट्राझेपाम, कोडीन, ट्रामाडॉल नावाची वेदनाशामक गोळी, ही शेड्यूल एच-वनमधली, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या यादीतली औषधं आहेत, २०१४ च्या मार्चपासून आम्हाला चिठ्ठी बघून, डॉक्टरचं नाव, पेशंटचं नाव, किती दिलं हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहावं लागतं आणि ते रजिस्टर ३ वर्षं ठेवावं लागतं. जो दुकानदार चिठ्ठीशिवाय पोरांना पट्ट्या देतो तो गुन्हा करतोय, आणि मला त्याचा मनापासून राग येतो, कारण त्याला माहीत असतं समोरचा कशाला घेतोय.

अल्प्राझोलम १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात येतं. डॉक्टरची चिठ्ठी असेल तर स्वतःच्या उपचारासाठी एका वेळी १०० गोळ्यांपर्यंत जवळ ठेवता येतात, लांबच्या आजाराला डॉक्टरने तसं लिहून दिलं तर ३०० पर्यंत. चिठ्ठी नसेल तर नुसती जवळ असणं हाही गुन्हा. अल्प्राझोलमला ५ ग्रॅमपर्यंत अल्प प्रमाण आणि १०० ग्रॅमच्या वर व्यावसायिक प्रमाण धरतात. पोरं म्हणतात गोळीत अर्धा मिलिग्रॅमच औषध आहे, ५ ग्रॅम व्हायला दहा हजार गोळ्या लागतील. पण सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हिरा सिंग खटल्यात सांगितलंय की वजन अख्ख्या मिश्रणाचं धरायचं, नुसत्या शुद्ध औषधाचं नाही. एक गोळी १०० मिलिग्रॅमची धरली तर ५० गोळ्यांतच ५ ग्रॅम होतात. अल्प प्रमाणाला १ वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, व्यावसायिकला कमीत कमी १० वर्षं. हॉस्टेलच्या मित्रांसाठी एकाने सगळ्यांच्या पट्ट्या एकत्र आणायच्या ही जी पद्धत असते ना, त्यात आणणारा पोरगा केवढ्या मोठ्या केसमध्ये जातो हे त्याच्या गावीही नसतं. तुमच्या भावाकडच्या दोन पट्ट्या अल्प प्रमाणातच येतील, पण केस होते आणि ती नोकरीच्या, पासपोर्टच्या वेळी आडवी येते.

भावाने गांज्याचं नाव काढलंय म्हणून सांगतो, गांजा आणि चरसही याच कायद्यात आहेत, भांगेची नुसती पानं त्या व्याख्येत बसत नाहीत पण महाराष्ट्रात दारूबंदी कायद्याखाली तिला परवाना लागतो. कमी वयात जास्त गांजा ओढणाऱ्यांत भास होणं, संशय वाढणं याचा धोका वाढतो, म्हणून तोही निर्धास्त नाही.

एनडीपीएस कायद्यातच कलम ६४-अ आहे ते लोकांना माहीत नसतं. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या केसमध्ये अडकलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल तर त्याच्यावर खटला चालवत नाहीत, मात्र उपचार अर्धवट सोडले तर ही सूट काढून घेता येते. आज तर केसही झालेली नाही, त्यामुळे पोलिसांच्या भीतीने दवाखाना टाळू नका. सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार ओपीडीत दाखवता येईल, पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे, डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ साली ब्राऊन शुगरच्या दिवसांत सुरू केलेलं, आणि नुसतं बोलायचं असेल तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन १४४१६ किंवा व्यसनमुक्तीची १४४४६.

जाताना पट्ट्या आणि बाटली सोबत न्या, गोळीवर ०.२५ आहे, ०.५ आहे की १ यावर डॉक्टरचा सगळा हिशोब असतो. बॅगेत सिरिंज आहे का तेवढं पण बघा, जिमच्या पोरांत मेफेन्टरमाइन या बीपी वाढवणाऱ्या औषधाची इंजेक्शनं चालतात, आणि असली तर डॉक्टरला सांगा, एचआयव्ही आणि काविळीची तपासणी करून घेतील. आणि भावाला डॉक्टरसोबत थोडा वेळ एकटं बोलू द्या, आईवडिलांसमोर पोरं गोळ्यांचा आकडा निम्मा सांगतात.