रविवारी चार पेशंट बघणाऱ्या निवृत्त डॉक्टरलाही रजिस्ट्रेशनची पूर्ण फी का? त्यांच्यासाठी सवलतीचं लायसन्स का नाही?

तुम्ही लिहिलंय की वडील ७३ वर्षांचे, दवाखाना कधीच बंद केला, रविवारी देवळात चार जणांचं बीपी बघतात, कधी एखादं औषध लिहून देतात. एवढ्यासाठी पूर्ण फी कशाला? मी ७६ चा आहे. डोंबिवलीत ४१ वर्षं जनरल प्रॅक्टिस केली आणि २०१८ मध्ये शटर ओढलं. तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे.

फी हा मुद्दाच नाही हो. पाच वर्षांतून एकदा भरायची असते. माणूस अडतो तो पॉइंटांपाशी. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलला रिन्यूअलसाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट लागतात, ते मिळतात डॉक्टरांच्या कॉन्फरन्सना हजर राहून. हॉटेलच्या गारठलेल्या हॉलमध्ये दिवसभर स्लाइड्स बघायच्या, मध्ये चाळिशीतली मुलं बुफेच्या रांगेत "सर, तुम्ही अजून?" म्हणून विचारणार. आमचे चिरंजीव ऑर्थोपेडिक आहेत. ते म्हणाले, "बाबा, कशाला हा व्याप? पेशंट तरी कुठे आहेत आता?" मी ऐकलं. ३० पैकी ११ पॉइंट झाले होते, फाइल कपाटात टाकली. एप्रिलमध्ये रजिस्ट्रेशनची मुदत संपली.

श्रावणात एका रात्री पावणेदोनला बेल वाजली. खालच्या मजल्यावरचे अण्णा. दम्याचे जुने पेशंट, दवाखाना बंद केल्यावरही दर रविवारी मीच त्यांची छाती ऐकायचो. टॉर्चने बुबुळं बघितली, स्टेथो लावला. गेले होते. सुनेने तुळशीपत्र शोधायला धाकट्याला पिटाळलं आणि मला म्हणाली, "काका, तेवढा दाखला देता ना? भावजी नाशिकहून निघालेत, सकाळीच न्यायचं म्हणतायत."

सोसायटीत राहणाऱ्या कुठल्याही निवृत्त डॉक्टरला विचारा, त्याची 'अधूनमधून प्रॅक्टिस' म्हणजे निम्म्याहून जास्त हीच. घरी मृत्यू झाला की शेवटच्या आजारात बघणाऱ्या डॉक्टरने मृत्यूचं कारण लिहून द्यायचं, फॉर्म ४-अ. त्याचे पैसे घेता येत नाहीत. तो कागद नसेल तर स्मशानात सगळंच अडतं.

वर जाऊन ड्रॉवर उघडला. पॅडची चार-पाच पानं उरली होती, शिक्क्याचं पॅड वाळून खडखडीत. पॅडवर माझा रजिस्ट्रेशन नंबर छापलेला. तिथे हात थांबला. तो नंबर त्या रात्री माझा नव्हता.

खाली येऊन सांगितलं. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, तारीख कोण बघतंय?" खरंच कुणी बघितली नसती. पण सही केली नाही. अण्णांचे छातीचे डॉक्टर ठाण्याला राहतात, ते भले माणूस, पहिली लोकल पकडून साडेसहाला आले. तोवर मी अण्णांच्या उशाशी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून होतो. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. सून तेव्हा एक शब्द बोलली नाही. पण तेव्हापासून मला काका म्हणत नाही, डॉक्टर म्हणते.

चिरंजीवांना फोन केला तर म्हणाले, "बरं झालं सही केली नाहीत. म्हणून तर सांगत होतो, सोडा हे सगळं." म्हणजे बघा! एकाच रात्रीतून त्याने काढलेला अर्थ आणि मी काढलेला अर्थ. मी पुढच्या महिन्यापासून पुन्हा हॉटेलच्या हॉलमध्ये जाऊन बसायला लागलो, १९ पॉइंट भरून काढले आणि रिन्यूअल करून घेतलं.

आता तुमच्या सवलतीचं. बाहेरच्या देशांतही ती वाटते तितकी सरळ नाही. माझा बॅचमेट इंग्लंडमध्ये जीपी होता. तिथे लायसन्सशिवाय नुसतं नाव रजिस्टरवर ठेवता येतं, फी बरीच कमी. पण मग प्रिस्क्रिप्शन लिहायचं नाही, बायकोचा घसा धरला तरी नाही. पूर्ण लायसन्सची फी अर्धी होऊ शकते, पण ती उत्पन्न कमी असेल तर. वय बघून नाही. कॅलिफोर्नियात 'रिटायर्ड' म्हणून नोंद केली तर फी माफ, पण पेशंट तपासायला बंदी. फक्त विनामोबदला सेवा करणार असं लिहून दिलं तर रिन्यूअलची फी माफ होते आणि पेशंटही बघता येतात, अभ्यासाचे तास मात्र सुटत नाहीत. मला ही शेवटची पद्धत पटते. पैसे माफ करा, अभ्यास माफ करू नका. रविवारचा पेशंट सोमवारच्या पेशंटपेक्षा कमी आजारी नसतो.

तेव्हा वडिलांना फीवरून वाद घालू देऊ नका आणि तुम्हीही त्यांना "आता कशाला" म्हणू नका. कॉन्फरन्सला नेऊन सोडा. आमच्याकडे हे कुणाला सुचलं नाही.

हां, 'फुकट बघतो, मग काय होतंय' हे डोक्यातून काढा. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्यात येते का, यावरच्या १९९५ च्या शांता खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरसकट सगळ्यांना मोफत दिलेली सेवा ग्राहक कायद्याबाहेर ठेवली, एवढंच. रजिस्टरवर नाव नसताना प्रॅक्टिस केली तर २०१९ च्या नॅशनल मेडिकल कमिशन कायद्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. आणि हे सगळं वडील एमबीबीएस आहेत असं धरून लिहिलंय. आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे असतील तर कौन्सिल वेगळं, नियमही त्यांचे बघा.