पणजोबा रेल्वेत होते, पण कोणत्या रेल्वेत?

प्रश्न : माझे पणजोबा रेल्वेत गँगमन, म्हणजे रुळांची देखभाल करणारे कामगार होते. सातारा जिल्ह्यातून, वाठारच्या बाजूने ते पुण्याकडे आले. मूळ गाव आता कुणालाच सांगता येत नाही. ‘सासऱ्यांनी घाटात रेल्वेचं काम केलं,’ असं आजी सांगायची, त्यामुळे ते जीआयपीत (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेत) आणि बोरघाटाच्या कामावर होते असंच घरात सगळे धरून चाललेत. आजोबांचा जन्म १९३१चा, रेल्वेच्या क्वार्टरमधला. पणजोबा १९५२च्या सुमारास रिटायर झाले आणि फंडाच्या पैशातून घोरपडीत दोन खोल्या विकत घेतल्या. तो पैसा मद्रासहून आला असं आजी म्हणायची, पण बाबांच्या मते तिची काहीतरी गल्लत होत असावी. घरात एक पितळी बिल्ला आहे, अक्षरं झिजलेली. एका ऑफिसात चौकशी केली तर ‘पेन्शनचा नंबर आणा’ म्हणाले. सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, धनकवडी

उत्तर : आजींची गल्लत मुळीच नाही. तुमच्या अख्ख्या पत्रात सगळ्यात मोलाची ओळ तीच आहे.

पुणे स्टेशनात तेव्हा दोन कंपन्यांचे रूळ होते. मुंबईहून येऊन दौंड-सोलापूरकडे जाणारी ब्रॉडगेज लाइन जीआयपीची, तिचा कारभार बोरीबंदरहून चाले. जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार करत मिरजेला जाणारी मीटरगेज लाइन सदर्न मराठा कंपनीची. ही कंपनी १९०८ मध्ये मद्रास रेल्वेशी जोडली गेली आणि ‘मद्रास अँड सदर्न मराठा’ (एम अँड एस एम) झाली. मुख्यालय मद्रास. १४ एप्रिल १९५१ ला ती दक्षिण रेल्वेत गेली, तरी मुख्यालय मद्रासच राहिलं. १९५२ ला रिटायर झालेल्या गँगमनचा फंड मद्रासहून आला असेल, तर तो माणूस मिरज लाइनचा. जीआयपीचा असता तर पैसा मुंबईहून आला असता.

आता घाट. बोरघाटाचं काम १८५६ ते १८६३ या काळात झालं. पणजोबांचा तेव्हा जन्मही नव्हता. पण म्हणून आजींचं बोलणं खोटं ठरत नाही. मिरज लाइनलाही घाट आहेत. पुणे सोडलं की शिंदवणे-आंबळ्याचा, आणि लोणंदच्या पुढे सालपे-आदर्कीचा. तो चढून आलं की वाठार. गँगवर माणसं घेताना मुकादम बहुतेक आसपासच्या गावांतलीच आणत असे. तेव्हा पणजोबांचं गाव त्या घाटाच्या अंगाखांद्यावरच कुठेतरी असावं, असं मला वाटतं.

पेन्शनचा नंबर तुम्हाला कधीच सापडणार नाही, त्यामागे धावू नका. रेल्वेत पेन्शन योजना आली १६ नोव्हेंबर १९५७ ला. त्याआधी रिटायर झालेल्यांना फंड मिळे, आणि हिशेब तिथेच मिटे. ‘रेकॉर्ड नाही’ ऐकून कितीतरी घरं इथेच थांबतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण शोधायचं असतं ते सेवापुस्तक.

मी आस्थापना शाखेत नोकरी केली, त्यामुळे ही पुस्तकं हाताखालून गेली आहेत. पहिल्या पानावर नाव, बापाचं नाव, मूळ गाव, जन्मतारीख, उंची, अंगावरची ओळखखूण: ‘उजव्या भुवईवर व्रण’, ‘डाव्या गालावर तीळ’. खाली डाव्या हाताच्या बोटांचे ठसे. सही येत नसलेल्या माणसाचे हे पाच ठसे म्हणजे त्याचा त्या कागदावरचा एकमेव स्वतःचा हात. फोटो नसलेल्या पणजोबांच्या भुवईवरचा व्रण शंभर वर्षांनी कळणं ही लहान गोष्ट नाही. एक सावधगिरी मात्र ठेवा. जन्मतारीख १ जुलै दिसली तर ती खरी धरू नका. नुसतं वर्ष माहीत असेल तर १ जुलै आणि महिनाही माहीत असेल तर त्या महिन्याची १६ तारीख लिहायची, असा रेल्वेचा नियमच आहे.

इतकी जुनी पुस्तकं सगळीकडे जपली गेली नाहीत, मुदत संपली की फायली रद्द होतात. शिवाय मधल्या काळात हद्दी बदलत गेल्या. मिरज लाइन आज मध्य रेल्वेच्या पुणे विभागात आहे, पण हा विभागच १९९६चा. म्हणून अर्ज एकाच ठिकाणी करू नका. पुणे विभागाच्या कार्मिक शाखेला एक आणि चेन्नईला दक्षिण रेल्वेच्या मुख्यालयाला एक, असे माहिती अधिकारात दोन करा. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस.

तोवर हातावर हात ठेवून बसू नका. खरं तर रेल्वेच्या कागदाआधी गावचा कागद हाती लागण्याचा संभव जास्त.

आजोबांच्या शाळेपासून सुरुवात करा. रेल्वेवाल्यांची मुलं बदलीबरोबर शाळा बदलत. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मठिकाण, जात, मागील शाळा आणि शाळा सोडल्याचं कारण असे रकाने असतात. कारणाच्या रकान्यात ‘वडिलांची बदली’ आणि मागील शाळेच्या रकान्यात लोणंद किंवा वाठार असं दिसलं, की त्या शाळेत जा आणि पुन्हा तेच पान मागा. असं एकेक स्टेशन मागे सरकता येतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या, नातं दाखवणारा कागद सोबत ठेवा. आणि जून महिन्यात जाऊ नका, त्यांना प्रवेशांतून मान वर करायला फुरसत नसते.

मग कोरेगाव आणि फलटण या दोन्ही तहसिलींचे अभिलेख कक्ष. वाठार स्टेशन कोरेगाव तालुक्यात, आदर्की फलटण तालुक्यात. फलटण १९४८ पर्यंत संस्थान होतं, तेव्हा तिथल्या दप्तराची मांडणी वेगळी असू शकेल. मागायचं ते गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, ज्याला सगळे कोतवाल बुक म्हणतात. जुनी पानं मोडीत असतात. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधात अशी पुष्कळ पानं स्कॅन झाली आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर आली, ती आधी घरबसल्या पाहा. मोडी येत नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळात विचारा, वाचून देणारी जाणकार माणसं पुण्यात आहेत. आडनावावर मात्र अडून राहू नका. या नोंदी ‘गणू बिन रामा’, म्हणजे रामाचा मुलगा गणू, अशा असतात. पणजोबांच्या वडिलांचं नाव घरात कुणाला आठवत असेल तर सगळी भिस्त त्यावर. आठवत नसेल तर घोरपडीच्या खोल्यांचं खरेदीखत काढा, त्यात खरेदीदाराचं पूर्ण नाव असतं आणि तारखेवरून रिटायरमेंटचं वर्षही पक्कं होतं.

गाव हाती लागलं की जुने फेरफार पाहा. नोकरीसाठी बाहेर पडलेल्याचं नाव सातबाऱ्यावर बऱ्याचदा नसतं. थोरल्या भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असतं, म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. तो भाऊ वारला तेव्हाची वारस नोंद वाचा. पुण्याला गेलेला धाकटा बहुधा तिथेच भेटतो.

परदेशी वंशावळ-संकेतस्थळांवर ‘भारतीय रेल्वेचे कर्मचारी’ म्हणून जे मिळतं ते मुख्यतः युरोपियन आणि अँग्लो-इंडियन नोकरांचं आहे. त्यावर पैसे खर्चू नका. गँगमन त्यात नाहीत.

आणि बिल्ला चिंचेने घासू नका, हात जोडून सांगतो. उरलंसुरलं अक्षर त्यातच जाईल. त्यावर पातळ कागद धरून पेन्सिलीचं शिसं आडवं फिरवा, उठाव कागदावर उमटेल. मग खोलीत अंधार करून बॅटरीचा उजेड बाजूने पाडा आणि मोबाइलवर फोटो घ्या. ‘एम अँड एस एम’ दिसलं तर तो फोटो दोन्ही अर्जांना जोडा. अर्जात पणजोबांचं नाव बापाच्या नावासकट, हुद्दा गँगमन, खातं इंजिनीअरिंग, लाइन पुणे–मिरज, रिटायरमेंट अंदाजे १९५२ आणि आजोबांचा जन्म ज्या स्टेशनच्या क्वार्टरमध्ये झाला त्याचं नाव एवढं लिहाच. स्टेशनचं नाव आठवत नसेल तर आधी शाळेचं रजिस्टर, मग अर्ज.