दुसरी भेट

बाळा,

काल सेव-उसळीच्या गाडीवर तू मला फोन दाखवत होतास आणि अंगठ्याने एकेक मुलगी डावीकडे सारत होतास. पुढ्यातली तरी निवून गेली, तुला पत्ता नाही. अलकापुरीत जिच्याबरोबर दोन तास कॉफी प्यायलास तिचं काय झालं विचारलं, तर म्हणालास, "चांगली आहे मावशी, पण स्पार्क नाही आला." अरे, गॅसचा लायटरसुद्धा पहिल्या खटक्याला पेटत नाही.

तिला दुसऱ्यांदा भेट. माझं एवढंच म्हणणं आहे.

कोणत्या तोंडाने सांगते तेही ऐक. १९८३ साली दांडिया बाजारातल्या आमच्या घरी एक मुलगा मला बघायला आला. चहा बशीत ओतला आणि फुर्रकन ओढला. मी आत जाऊन आईला म्हटलं, नाही. मंडळी निघाली तेव्हा आजी दारापर्यंत आली, तर तो खाली वाकला, तिच्या चपला सरळ करून तिच्या पायाशी ठेवल्या आणि काही न बोलता जिना उतरला. खिडकीतून पाहिलं मी. नकार तोवर कळवून झाला होता.

मग मी हट्टच धरला. दुसऱ्या भेटीशिवाय होकार नाही, नकारही नाही; आणि ती भेट कमाटीबागेत, वडीलधाऱ्यांशिवाय. पुढची तीन स्थळं हे ऐकूनच परतली. त्यात माझं काय चुकलं? उगाच कीव करू नकोस. बत्तीस वर्षं गणित शिकवलं, स्वतःचं घर केलं. घाबरले ते लोक, मी नाही.

निवडानिवड आमच्याकडेही होती. पत्रिका, गोत्र, उंची. पण आमची गड्डी लवकर संपायची. तुझं टिंडर २०१२ साली आलं, त्यात एक पान सारलं की खाली दुसरं तयारच. फुकटात ठरावीक लाइक, पुढे पैसे मोज. तू घुटमळत राहिलास तर दुकानाचं काय बिघडतं?

१९६२ मध्ये गेल आणि शॅप्ली या दोन गणितज्ञांनी जोड्या लावायची एक रीत मांडली. हिंज या टिंडरसारख्याच ॲपने २०१८ मध्ये तीच वापरल्याचं सांगितलं. त्या रीतीत मुलगे मागणी घालत असतील तर मुलगी लगेच हो म्हणत नाही. त्यातल्या त्यात बरी मागणी राखून ठेवते, पक्कं अगदी शेवटी होतं. बाकीच्यांना नकार मात्र जागच्या जागी. शॅप्लींना पुढे नोबेल मिळालं, तरी हे मला पटत नाही ते नाहीच.

तर दुसऱ्यांदा भेट. कॉफीच्या दुकानात नको, तिथे सगळे फोटो काढून घ्यायला बसल्यासारखे बसतात. बागेतल्या संग्रहालयात ने. तिथल्या देवमाशाच्या सांगाड्यापाशी उभी राहून ती काय बोलते ते ऐक. तूही काहीतरी बावळटासारखं बोलशीलच, ते तिला ऐकू दे. नाही जमलं तर नाही, पण ते घरी येऊन ठरव.

आणि बशीचं म्हणशील, तर आता मीही बशीतूनच पिते. दातांना गरम सोसत नाही.

रविवारी जाताना फोन माझ्याकडे ठेवून जा. चार्जिंगला लावून ठेवते.

तुझी,
मावशी