अंधेरीचे खांब आणि सेशेल्सची बेटं : भूपट्टांविषयी प्रश्नोत्तरे

मुलाच्या पुस्तकात भूपट्ट 'वितळलेल्या लाव्हावर तरंगतात' असं लिहिलंय. मग भारत सरकला कसा? (बोरिवली)

पुस्तकातलं ते वाक्य खोडायला हवं. भूपट्ट म्हणजे पृथ्वीच्या कठीण बाहेरच्या थराचे प्रचंड तुकडे. त्यांच्याखालचं प्रावरण, म्हणजे खडकाचा जाड थर, घनच आहे. मात्र ते इतकं तापलेलं असतं की लाखो वर्षांत हळूहळू वाहतं. ओढ मुख्यतः पट्टाच्या बुडत्या कडेची असते. समुद्राचा तळ जुना होतो तसा थंड आणि जड होतो, समुद्रतळाच्या खोल खंदकापाशी खाली घुसतो आणि मागचा भाग ओढून नेतो. भारत आणि आशिया यांच्यामध्ये पूर्वी असलेल्या टेथिस समुद्राच्या तळाने भारताला असंच उत्तरेकडे ओढलं, एके काळी वर्षाला १५ सेंमीहून जास्त वेगाने. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आपण आशियाला भिडलो. खंडाचं कवच हलकं असल्याने ते सहज बुडेना. वेग घटला, थर दुमडले आणि हिमालय उभा राहिला.

आमच्या गिल्बर्ट हिल टेकडीच्या उभ्या दगडी खांबांचा या सगळ्याशी काय संबंध? (अंधेरी)

फार जवळचा. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी मादागास्कर आपल्यापासून तुटला, तर ६ कोटींच्या थोडं आधी सेशेल्स. म्हणूनच भर समुद्रातल्या त्या बेटांवर ज्वालामुखीचा नव्हे, तर खंडाचा जुना ग्रॅनाइट सापडतो. ती फाट पडली आपल्याच किनाऱ्यालगत, आणि कवच ताणलं जात असताना इथे शिलारस वर येत राहिला. गिल्बर्ट हिल त्याच सुमाराची. शिलारस थिजताना आकसतो, भेगा पडतात आणि त्या थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात आत उतरतात. त्यातून पाच-सहा बाजूंचे खांब सुटतात. छिन्नीचं काम यात कुठेही नाही.

कर्जत लोकलने जाताना नेरळजवळ माथेरानचा कडा नीट पाहा : लाव्हाचे थर जवळजवळ आडवे, पायऱ्यांसारखे दिसतात. मुंबईत मात्र तेच थर पश्चिमेला कललेले आहेत. पनवेलच्या पट्ट्यात ते वाकून समुद्राकडे झुकले. खंड फाटल्याची इतकी स्पष्ट खूण शहरात सहज बघायला मिळते, याचं फार अप्रूप वाटतं.

भारत वर्षाला सुमारे ५ सेंमी सरकतो, तर मुंबई-दिल्ली अंतर घटतं का? (चेंबूर)

नाही, दोन्ही एकाच पट्टावर आहेत. घटतं ते दिल्ली-ल्हासा. नुसत्या हिमालयातच वर्षाला जवळपास २ सेंमी आकुंचन होतं. ही हालचाल जीपीएसने मोजतात. त्याचा खांब पक्क्या खडकातच रोवावा लागतो आणि नोंदीही काही वर्षांच्या हव्यात, कारण पावसाळ्यात पाण्याच्या ओझ्याने जमीन थोडी खचते व नंतर वर येते. एका वर्षाच्या आकड्यांवर विसंबलात तर फसाल.

पट्टाची कड इतकी दूर, मग कोयनेला भूकंप का? (डोंबिवली)

टकरीचा ताण पट्टाच्या पोटातही पोहोचतो आणि जुन्या भ्रंशांवर, म्हणजे खडक जिथे तुटून सरकलेत त्या भेगांवर, साचतो. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.३ तीव्रतेच्या धक्क्यात धरणाच्या पाण्याचाही हात होता : खडकाच्या भेगांतला पाण्याचा दाब वाढला की अडकलेला भ्रंश सुटायला मदत होते. तुमची इमारत भरावावर किंवा खाडीच्या चिखलावर असेल, तर तिथे हादरा वाढून येतो. स्ट्रक्चरल ऑडिटच्या वेळी बोअरचा (जमिनीत भोक पाडून केलेल्या तपासणीचा) अहवाल मागा आणि खडक किती मीटरवर लागला, ते बघा.