तळाशी बसून राहणारी मुशी

प्रश्न : आमच्याकडे रत्नागिरीहून आंबा घाटमार्गे मासळी येते. अलीकडे बाजारात मुशीच्या, म्हणजे लहान शार्कच्या, ढिगात वीतभर लांबीचे, अंगावर गडद आडवे पट्टे आणि नाकाशी मिशा असलेले एक पिल्लू दिसले. मासळीवाल्या मावशी म्हणाल्या, ‘ही पण मुशीच, पण खडकात बसून राहते.’ शार्क पोहायचा थांबला की मरतो, असे आजवर ऐकत आलो. मग ही जगते कशी?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : मावशींचे म्हणणे अगदी बरोबर आहे. आपल्या वर्णनावरून ते बांबू शार्कचे, बहुधा करड्या बांबू शार्कचे (शास्त्रीय नाव कायलोसिलियम ग्रिझियम) पिल्लू असावे. म्यूलर आणि हेन्ले या जर्मन शास्त्रज्ञांनी १८३८ मध्ये या जातीची नोंद केली. पूर्ण वाढ झाली तरी हा मासा पाऊण मीटरच्या आसपासच राहतो, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात तळाशी वावरतो आणि माणसाला त्याच्यापासून काहीही धोका नाही. महाकाय देवमुशी, म्हणजे व्हेल शार्क, याच गणातील आहे, हे ऐकून आपल्याला आश्चर्य वाटेल.

खुल्या समुद्रातील माको किंवा पांढरा शार्क पोहताना तोंड किंचित उघडे ठेवतो, त्यामुळे पाणी आपोआप कल्ल्यांवरून वाहते. अशा जाती थांबल्या तर गुदमरतात, आणि तेवढ्यावरून सगळ्याच शार्कविषयी तो समज पसरला आहे. बांबू शार्क मात्र तोंडाच्या व घशाच्या स्नायूंनी पाणी आत ओढून कल्ल्यांकडे ढकलतो. शिवाय डोळ्याच्या खाली, जरा मागच्या बाजूस त्याला एक ठळक छिद्र असते. तोंड वाळूला टेकलेले असतानाही त्यातून पाणी आत घेता येते. नाकाशी दिसणाऱ्या मिशा तळावरील भक्ष्याचा माग काढायला उपयोगी पडतात.

या माशाची मादी तळावर लहान, लंबगोल कोशांत अंडी घालते आणि पिल्लू आतल्या बलकावर वाढते. तपकिरी पट्ट्यांच्या बांबू शार्कवर ऑस्ट्रेलियात झालेले, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन मला विशेष मोलाचे वाटते. कोशाजवळ शिकारी माशासारखे विद्युत क्षेत्र निर्माण करताच आतील वाढलेल्या गर्भाने कल्ल्यांची हालचाल थांबवली, म्हणजे जन्माआधीच त्याने श्वास रोखून धरला! इतक्या लहान जिवात एवढी सावधगिरी असते.

ट्रॉलरच्या जाळ्यापुढे ही सावधगिरी कुचकामी ठरते, कारण ते जाळे तळच खरवडून नेते आणि त्यात पिल्लेही सापडतात. करड्या बांबू शार्कचे पिल्लू जन्मतः साधारण १२ सेंटीमीटरचे असते आणि अंगावरचे पट्टे मोठेपणी फिके होत जातात. त्यामुळे आपण पाहिलेले वीतभर, पट्टेदार पिल्लू अंडी घालण्याच्या वयापासून फार दूर होते. कोणत्या जातीला नामशेष होण्याचा किती धोका आहे, हे नोंदवणाऱ्या जागतिक लाल यादीत ही जात ‘असुरक्षित’ गटात आहे. म्हणून माझी कळकळीची विनंती अशी, की एवढी लहान मुशी विकत घेऊ नये आणि का घेत नाही, हे मावशींनाही सांगावे.

पुन्हा असा मासा दिसलाच, तर त्याच्या पाठीवरून हात फिरवून पाहावा. लांबीच्या दिशेने कंगोरे लागले, तर तो आपल्या पश्चिम किनाऱ्यापर्यंत आढळणारा अरबी बांबू शार्क असू शकतो. करड्या जातीला असे कंगोरे नसतात.