स्पॅनिशमधलं 'तेनेर' हे क्रियापद सगळ्या काळांत आणि अर्थांत कसं चालवायचं? तक्ता पाठच होत नाही.

तुम्ही लिहिलंय की बी-वन (मध्यम पातळीच्या) परीक्षेची तयारी चालू आहे, क्लासमध्ये 'तेनेर'चा (म्हणजे जवळ असणे) भलामोठा तक्ता मिळालाय, तिसऱ्या ओळीनंतर सगळं एकमेकांत मिसळतं, आणि सबजंक्टिव्ह हा काय प्रकार आहे ते इंग्रजी पुस्तकातून काही केल्या कळत नाही.

मी पुण्यात बसून मेक्सिको आणि कोलंबियातल्या ग्राहकांशी फोनवर, ईमेलवर स्पॅनिशमधून बोलते. त्याला नऊ वर्षं झाली. तो तक्ता मीही पाठ केला होता आणि महिन्याभरात विसरलेही होते. जे टिकलं ते मराठीतून शिकलेलं. इंग्रजीतून स्पॅनिश क्रियापदाकडे जाणं म्हणजे कोथरूडहून डेक्कनला हडपसरवरून जाणं.

आधी तक्त्याचं ओझं कमी करू. स्वार्थाचे, म्हणजे साधं विधान करणाऱ्या रूपांचे, पाच साधे काळ (संकेत दाखवणारं '-रिआ'चं रूप त्यातच धरतात) गुणिले सहा पुरुष म्हणजे 30 रूपं. सबजंक्टिव्हची वर्तमानाची 6, भूतकाळाच्या दोन संचांची 12, भविष्याची 6. झाली 54. तितकीच पुन्हा 'आवेर' या साहाय्यक क्रियापदासोबतची संयुक्त रूपं, वर आज्ञार्थ. म्हणून आकडा शंभराच्या पुढे जातो आणि पोटात गोळा येतो. पण संयुक्त 54 मध्ये 'तेनेर'चं रूप एकच आहे, 'तेनिदो', आणि तिथे ते बदलत नाही. बदलतं ते 'आवेर'. ते एकदा शिकलं की स्पॅनिशमधल्या प्रत्येक क्रियापदाला चालतं. 'बोसोत्रोस'चा रकानाही लॅटिन अमेरिकेत कोणी बोलत नाही, तिथे अनेकवचनी 'तुम्ही'ला 'उस्तेदेस' म्हणतात. परीक्षेत दिसला तर ओळखता यावा, एवढं पुरे.

उरलं ते पाच अंगांवर (शेपूट लागण्याआधीच्या रूपांवर) उभं आहे: तेन, तिएन, तेंग, तुव, तेंद्र.

वर्तमानकाळ बघा. मी तेंगो, तू तिएनेस, तो तिएने, आम्ही तेनेमोस, ते तिएनेन. मधेच 'तेनेमोस' सरळ का? कारण जोर पुढे सरकला. जोर मुळावर असेल तर 'ए'चा 'इए' होतो ('तेंगो' तेवढा अपवाद), शेपटीवर गेला की 'ए' तसाच राहतो. आपण 'फूल' म्हणतो पण 'फुलाला' म्हणतो, 'मूल' पण 'मुलाला'. शेपूट लागलं की आतला स्वर बदलतो हे आपल्या तोंडात लहानपणापासून बसलेलं आहे. फक्त ते कोणी नियम म्हणून सांगितलेलं नसतं.

'तेंद्र'मधला 'द' कुठून आला, हा माझा आवडता भाग. स्पॅनिशमधला भविष्यकाळ मुळात धातूच्या पूर्ण रूपाला 'आवेर'चा वर्तमानकाळ चिकटून झाला आहे: तेनेर अधिक ए, म्हणजे 'तेनेरे'. बोलता बोलता मधला 'ए' गळाला, उरलं 'तेन्रे'. आता 'न' आणि 'र' लागोपाठ म्हणून बघा, जीभ आपोआप मधे 'द' घालते. 'तेंद्रे'. हेच आपल्याकडे 'वानर'चं 'वांदर' होताना झालं. 'बेनिर' (येणे) चं 'बेंद्रे' आणि 'पोनेर' (ठेवणे) चं 'पोंद्रे' हेही वांदराच्याच वाटेने गेले. त्यामुळे भविष्य तेंद्रे, तेंद्रास, तेंद्रा, तेंद्रेमोस, तेंद्रान, आणि त्याच अंगाला '-इआ' लावून तेंद्रिआ, तेंद्रिआस वगैरे.

या भविष्याचा एक उपयोग इंग्रजीतून शिकणाऱ्यांना फार जड जातो. आपल्याला जाऊ नये. 'तेंद्रा क्वारेंता आन्योस' याचा अर्थ बहुतेक वेळा 'चाळीसचा होईल' असा नसून 'चाळीसचा असेल' असा अंदाज असतो. किती वाजले असतील? स्पॅनिशमध्येही भविष्यच: 'के ओरा सेरा?' मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा भाषांतर करावंच लागलं नाही.

आता दोन भूतकाळ, म्हणजे 'तुवे' आणि 'तेनिआ'. इथे माझी फजिती झाली होती ती सांगते, कारण त्यानंतर मी हे कधीच विसरले नाही. कामाला लागून तीन महिने झाले असतील. बोगोताच्या एका ग्राहकाला सांगायचं होतं की तुमचा रिपोर्ट मला काल पुन्हा करावा लागला. मी म्हटलं, 'तेनिआ के आसेर्लो दे नुएवो.' पलीकडे शांतता. मग अगदी सौजन्याने प्रश्न आला: 'ई लो इसो?' आणि केलात का? मी गोंधळले. केला म्हणूनच तर सांगतेय! फोन ठेवल्यावर शेजारच्या सीनियर ताईंनी खुलासा केला. 'तेनिआ के' म्हणजे 'करायचा होता', 'तुवे के' म्हणजे 'करावा लागला'. मराठीत 'मला काल डॉक्टरकडे जायचं होतं' म्हटलं की समोरचा 'मग?' म्हणून थांबतोच की. 'जावं लागलं' म्हटलं की जाणं झालेलं असतं. फरक तंतोतंत तोच, आणि तो मला माहीत होता. मी फक्त इंग्रजीत विचार करत होते, जिथे दोन्हीला एकच वाक्य चालून जातं.

तसंच 'तेनिआ उना निन्या' म्हणजे तिला एक मुलगी होती, आणि 'तुवो उना निन्या' म्हणजे तिला मुलगी झाली. होती आणि झाली. सवयीच्या गोष्टींना तर आपला रीती भूतकाळ आहेच: 'तो रोज नदीवर जाई, पहाटे उठे.' ही 'जाई, उठे' रूपं आता बोलण्यात कमी झाली, पण वाचताना कळतात. स्पॅनिशचा '-इआ, -आबा'वाला काळ सवयीसाठी वापरतात तेव्हा तो हाच. 'तेनेर'ला त्यात काही वाकडंतिकडं नाही: तेनिआ, तेनिआस, तेनिआ, तेनिआमोस, तेनिआन. 'तुवे' मात्र वाकडं आहे: तुवे, तुविस्ते, तुवो, तुविमोस, तुविएरोन. 'तुवे'चा जोर पहिल्या अक्षरावर ठेवा. नेहमीच्या क्रियापदांत तो शेवटी असतो ('आब्ले', मी बोललो), म्हणून जीभ घसरते. 'एस्तार'चं 'एस्तुवे' आणि 'आंदार'चं 'आंदुवे' हे याचेच भाऊबंद.

सबजंक्टिव्ह. शाळेतल्या मराठी व्याकरणात क्रियापदाचे चार अर्थ होते: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. दोन मार्कांचा प्रश्न असायचा. स्पॅनिशचा सबजंक्टिव्ह हा साधारण आपला विध्यर्थ आणि अर्धा संकेतार्थ मिळून होतो. 'के तेंगास उन बुएन दिआ' हे तिकडे दुकानदारापासून बँकेतल्या माणसापर्यंत सगळे म्हणतात. शब्दशः, 'तुला चांगला दिवस असो'. हा 'असो, होवो, जावो' मधला 'ओ'कार म्हणजेच 'तेंगास'. रूप बनवायला सोपं: 'तेंगो'चा 'ओ' काढा, 'आ' लावा. तेंगा, तेंगास, तेंगा, तेंगामोस, तेंगान. हा नियम जवळजवळ सगळीकडे चालतो ('-आर'वर संपणाऱ्या क्रियापदांना 'आ'ऐवजी 'ए' लावा), फक्त ज्या सहा क्रियापदांचं 'मी'चं रूप 'ओ'वर संपत नाही (सेर, एस्तार, इर, दार, साबेर, आवेर) ती वेगळी शिकावी लागतात.

कधी वापरायचं हेही मराठी कानाने पकडता येतं. ही दोन वाक्यं मोठ्याने म्हणा: 'त्याच्याकडे पैसे आहेत असं मला वाटतं.' 'त्याच्याकडे पैसे असतील असं मला वाटत नाही.' नकार आला आणि 'आहेत'चं 'असतील' झालं, तुमच्या नकळत. स्पॅनिशमध्ये नेमकी तिथेच गाडी रूळ बदलते: 'क्रेओ के तिएने दिनेरो', पण 'नो क्रेओ के तेंगा दिनेरो'. किंवा घर शोधताना: 'बाल्कनी आहे तो फ्लॅट' म्हटलं तर फ्लॅट ठरलेला आहे, तिथे 'तिएने'. 'बाल्कनी असेल असा फ्लॅट' म्हणजे अजून शोधतोय, मिळेल की नाही देव जाणे, तिथे 'तेंगा'.

सगळीकडे मात्र मराठी हात देत नाही. 'वेळ मिळाला की फोन करते' यात आपण चक्क भूतकाळ वापरतो, स्पॅनिशमध्ये 'क्वांदो तेंगा तिएंपो'. वेळ अजून यायचाय म्हणून तेंगा. हे घोकावं लागतं. आणि 'जर-तर'मध्ये मराठी सरळ खड्ड्यात नेते. 'पैसे असते तर घर घेतलं असतं.' दोन्हीकडे 'असता'चंच रूप, म्हणून आपले लोक स्पॅनिशमध्येही दोन्हीकडे '-रिआ' लावतात: 'सि तेंद्रिआ दिनेरो...' चूक. जरच्या बाजूला 'तुविएरा', तरच्या बाजूला '-रिआ': 'सि तुविएरा दिनेरो, कोंप्रारिआ उना कासा.' मनाला लावून घेऊ नका, उत्तर स्पेनमध्ये बास्क प्रदेश आणि बुर्गोसकडचे लोक बोलताना स्वतःच 'सि तेंद्रिआ' म्हणतात. परीक्षेत त्यांना मार्क मिळाले नसते, एवढंच. आणखी एक: आपलं ते वाक्य आजच्या गरिबीबद्दल आहे की 2010 सालच्या हुकलेल्या संधीबद्दल, हे मराठीत संदर्भावरून कळतं. स्पॅनिश ते उघड करून घेते. हुकलेल्या संधीला 'सि उविएरा तेनिदो दिनेरो, आव्रिआ कोंप्रादो उना कासा.'

'तुविएरा' येतं 'तुविएरोन'मधून. '-रोन' काढा, '-रा' लावा. या नियमाला अपवाद नाही, एकही नाही. म्हणून 'ते'चं भूतकाळी रूप नीट पाठ करा, बाकीचं त्यातून ओघळतं.

आज्ञार्थात 'तू'ला नुसतं 'तेन': 'तेन पासिएन्सिआ', जरा धीर धर. नकारात रूपच बदलतं: 'नो तेंगास मिएदो', घाबरू नकोस. आपणही 'घाबर'चं 'घाबरू नकोस' करतो, 'घाबर नकोस' म्हणत नाही. 'उस्तेद'ला, म्हणजे एकाच माणसाला आदराने 'तुम्ही' म्हणताना, 'तेंगा'. 'उस्तेद' हा शब्द 'तुमची कृपा' अशा अर्थाच्या जुन्या संबोधनातून झिजून आला, म्हणून त्याला क्रियापद तृतीयपुरुषी लागतं. 'साहेब काय घेणार?' असं साहेबांनाच विचारतो ना आपण, तसं. अर्जेंटिनाचा माणूस भेटला तर तो 'तू'ऐवजी 'बोस' म्हणेल आणि 'तिएनेस'ऐवजी 'तेनेस', आज्ञेत 'तेने'. चुकलंय असं समजू नका.

शेवटी तुम्ही विचारलंय की 'तुविएसे' आणि 'तुविएरे' पण पाठ करू का. 'तुविएसे' म्हणजे 'तुविएरा'चंच दुसरं रूप. वाचताना ओळखा, स्वतः 'तुविएरा'च वापरा. 'तुविएरे' हा सबजंक्टिव्हचा भविष्यकाळ पोर्तुगीजमध्ये अजून रोजच्या बोलण्यात आहे, त्यामुळे गोव्यातल्या पोर्तुगीज जाणणाऱ्या एखाद्या आजोबांना तो ओळखीचा वाटेल. स्पॅनिशमध्ये तो कायद्याच्या कलमांत आणि म्हणींत उरलाय: 'आदोंदे फुएरेस, आस लो के बिएरेस', जिथे जाशील तिथे जे बघशील तसं कर. ही म्हण पाठ करा, तक्त्यातल्या त्या सहा खान्यांवर खुशाल काट मारा.